चुकून घेतलेलं नाव

मी केसांचा टोप. वर्ध्यात बंडूजींचं नाटकाचे कपडे भाड्यानं देणारं दुकान आहे, तिथल्या खुंटीवर माझं आयुष्य गेलं. कमरेपर्यंत वेणी, मधोमध भांग. मला घालून कितीतरी पुरुष बाई झाले. खेळ ठरलेला. कुणीतरी त्या बाईच्या प्रेमात पडायचं, शेवटी मला ओढायचं, खालून पुरुष निघायचा आणि लोक पोट धरून हसायचे. ते हसू मला आवडायचं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सांगताना लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात आर्वीच्या जयवंतानं मला नेलं. तो मित्रांना घेऊन मोबाइलवर विनोदी सिनेमा काढत होता. बाई झाला अंकित, एसटी डेपोतला मेकॅनिक. तिच्यावर भाळणारा बबनराव झाला ऋतिक, चष्म्याच्या दुकानात कामाला असलेला. दोघं शाळेपासूनचे दोस्त.

चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी ऋतिकनं अंकितचा हात धरला आणि म्हणाला, "तू मले आवडते."

अंकितच्या कानामागची शीर माझ्या जाळीखाली उडू लागली. तो म्हणाला, "मले बी तू आवडतो, ऋतिक."

सगळे हसले.

"अबे, बबनराव म्हण ना," जयवंता म्हणाला. "नाव चुकलं. परत घेऊ."

नाव चुकलं नव्हतं. मला ते कळलं, आणि ऋतिकलाही. त्यानं हात सोडून पँटला पुसला.

शेवटच्या प्रसंगात ऋतिकनं मला ओढायचं, किळस आल्यासारखं थुंकायचं आणि चूळ भरायला पळायचं होतं. दोनदा घेतलं, जयवंताला फिकं वाटलं. तिसऱ्यांदा ऋतिकनं मला असं ओढलं की अंकितचे चार केस माझ्याबरोबर आले. तो अंकितच्या पायाशी थुंकला. अंकितच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे असंच पायजे होतं," जयवंता म्हणाला.

आर्वीतल्या एका मंगल कार्यालयात पडदा लावून सिनेमा दाखवला. अंकितनं मला परत द्यायचं म्हणून पिशवीत घालून मांडीवर घेतलं होतं. शेजारी त्याची आई, देवकाबाई. मला ओढलं तेव्हा सभागृह शिट्ट्यांनी दणाणलं. देवकाबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. शेवटी जयवंतानं चित्रीकरणात चुकलेले तुकडे जोडले होते. त्यात ऋतिकचं नाव घेतलेलं ते वाक्य आलं. लोक पुन्हा हसले.

देवकाबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"ते नाव तू चुकून घेतलं का रे?"

"नाई, आई."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर आता काहीच नव्हतं.

"मी बी हासली," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

बाहेर अंकितच्या स्कुटीजवळ ऋतिक उभा होता. देवकाबाई चपला शोधायला मागं राहिल्या होत्या.

"मले समजलं होतं," तो म्हणाला. "तरी थुंकलो."

"सीनच तसा होता."

"दोन खेपा सीन होता. तिसऱ्या खेपेले मी भेलो होतो. तुहा हात धरला, तवा सोडावासाच वाटला नाई मले."

अंकितनं मला डिकीत ठेवलं. झाकण लावता लावता म्हणाला, "थुंकला तू सगळ्याइच्या समोर. अन् हे सांगतो एकट्यात."

 

दुसऱ्या दिवशी अंकितनं मला दुकानात आणून दिलं. गुंता सोडवून, वेणी नीट घालून. बंडूजी म्हणाले, "लई गाजला म्हणते तुमचा सिनेमा." तो हो म्हणाला आणि बस गाठायला निघून गेला.

आता पुन्हा तशाच खेळासाठी मला मागायला लोक येतात. बंडूजी मला खुंटीवरून काढतात, झटकतात, दाखवतात. ज्या हसण्यावर मी फुगायचो, ते कुणाच्या तोंडावर पडतं हे इतक्या वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं. मी तर त्याच माणसाच्या डोक्यावर बसलेला असायचो.

मला न्या, माझी ना नाही. हसाही. एकदा फक्त असा सिनेमा काढा, की मी उतरल्यावरही प्रेमात पडलेला समोरचा माणूस जागेवरून हलणार नाही.