लाल कार्ड

भाषणाचा सराव करायला मंडळ काढायचं खूळ माझ्या बायकोचं. कामंही तिनेच वाटली. शिंपीणबाईंनी नावं पुकारायची, पोस्टमनने प्रत्येकाचं अडखळणं मोजायचं. मला म्हणाली, "तुम्ही घड्याळ धरा. सात मिनिटं झाली की लाल कार्ड दाखवायचं. नाहीतरी घरी मी तोंड उघडलं की 'आटप' म्हणताच!" सगळे हसले. मीही हसलो.

पहिल्या सभेच्या आठ दिवस आधी ती झोपेतच गेली. बोलणाऱ्यांची यादी बदलायचं कुणाला सुचलंच नाही. शिंपीणबाईंनी पहिलंच नाव तिचं वाचलं आणि जीभ चावली. मी मात्र घड्याळ लावलं. कुणी हललं नाही. सात मिनिटं उलटली, तरी कार्ड माझ्याच्याने वर करवेना.

पुटपुटलो, "बोल गं. आज घाई नाही."