बाबांनी पाडलेले खड्डे

आमचे बाबा खड्डे पाडायचे. हसू नका. फुकट खड्डे पाडणारे जगात ढिगाने आहेत, आमच्या बाबांना त्याचा पगार मिळायचा. गोल्फच्या मैदानावर ज्या एवढ्याशा गोल खड्ड्यात चेंडू जावा म्हणून मोठमोठे साहेब उन्हात घाम गाळतात, तो खड्डा कायम एका जागी नसतो. तसा ठेवला तर पायांनी तिथलं गवत मरतं. म्हणून रोज सकाळी हिरवळीवर दुसरीकडे नवा खड्डा पाडायचा, त्यातून निघालेला गवत-मातीचा गोळा जुन्या खड्ड्यात बसवायचा, पायाने चेपायचा, वर पाणी शिंपडायचं. काल इथे काही होतं याचा कुणाला पत्ताही लागता कामा नये. अशा अठरा हिरवळी. क्लबातली माणसं 'होल' म्हणायची, आमच्या घरी मात्र खड्डाच.

आम्ही राहायचो मैदानाच्या मागच्या फाटकापाशी, दोन खोल्यांत. मी आणि ताई शाळेच्या आधी बाबांच्या मागे जायचो. ताई खड्ड्यात रोवायचा झेंडा धरायची, मी पाण्याची बादली. दंवाने चपला चिंब व्हायच्या आणि मागे वळून बघितलं की आमच्या तिघांच्या पावलांच्या रांगा हिरवळीवर उठलेल्या दिसायच्या. बाबांच्या अंगाला कापलेल्या गवताचा आणि मशीनच्या तेलाचा वास यायचा. आता कुठे गवत कापत असले की मी उगीच दोन मिनिटं थांबते. लोकांना वाटतं म्हातारीला धाप लागली.

नवा खड्डा झाला की चेंडू कसा वळतो ते बाबा ताईकडून बघून घ्यायचे. कुणीतरी टाकून दिलेली, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली काठी तिच्याजवळ होती. कधीतरी मलाही द्यायचे. माझा चेंडू खड्डा सोडून गावभर फिरायचा. "धाकटे, तू आपली बादलीच धर," बाबा म्हणायचे. पुढे बादली जाऊन ताईची काठ्यांची बॅग माझ्या खांद्यावर आली. जन्मभर हमाली केली, पण मला त्याचं काडीचं दुःख नाही. आपली बहीण खेळताना माझ्याइतक्या जवळून दुसऱ्या कुणी पाहिली नसेल.

ताई चांगली खेळायला लागली, म्हणजे इतकी चांगली, की क्लबाने तिला नवशिक्या बायकांना शिकवायला ठेवून घेतलं. पण खेळणार कुठे? बायकांची वर्षातून एकदा स्पर्धा व्हायची, चहापान धरून, आणि बक्षीस फुलदाणी. आमच्या दोन खोल्यांत पाच फुलदाण्या झाल्या होत्या. एकीत आई लाटणं ठेवायची.

मग एका वर्षी ताईने पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धेत नाव दिलं. सेक्रेटरीसाहेबांनी नियम पुढून मागून वाचले. बाईने खेळू नये असं कुठेच लिहिलं नव्हतं. असं लिहावं लागेल हे कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं ना. पात्रता फेरीत ताईने चांगल्या चांगल्यांना मागे टाकलं, तेव्हा साहेबांचा नाइलाज झाला. पण माणूस सरळ होता, तोंडावर सांगितलं त्याने: "बाई, या वर्षी खेळा. पुढच्या वर्षी आम्ही नियम बदलणार आहोत." आणि बदललाच मेल्यांनी. आता टीव्हीवर एखादी मुलगी पुरुषांत खेळताना दिसली, की ताई गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून बसते आणि मला म्हणते, आवाज वाढव. मी वाढवते. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जातो.

तर एकच वर्ष होतं, आणि ताईचं मागणंही एकच होतं. स्पर्धा चार दिवसांची. गुरुवारी आणि शुक्रवारी सगळे खेळतात, शुक्रवारी संध्याकाळी चाळणी लागते. वरचे अर्धे राहतात, खालचे अर्धे सामान बांधून घरी. "मला जिंकायचं नाही गं," ताई म्हणाली, "गुरुवार-शुक्रवार काय, पात्रता फेरीतून आलेलं कुणीही खेळतं. मला शनिवारी खेळायचंय." शनिवारी जो मैदानात दिसतो तो खरा खेळाडू, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं.

बायकांना कपडे बदलायला खोली नव्हती, म्हणून ताईने बदलले बाबांच्या अवजारांच्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांमागे. मी दाराशी पहारा द्यायला. स्पर्धेच्या दिवसांत बाबांनी आम्हाला खड्ड्यांच्या कामाला नेलं नाही. खेळणाऱ्याला झेंडे आधी दिसायला नकोत म्हणून एकटेच उठून गेले. घरात त्या विषयावर तोंडाला कुलूप. भाजीत मीठ कमी आहे एवढंच काय ते बोलले.

गुरुवारी ताई अशी खेळली की काय सांगू. चेंडू तिचा पुरुषांइतका लांब जायचा नाही, पण जायचा तो रस्ता धरून. तिच्याबरोबर एक भरघोस मिशांचे गृहस्थ होते, नावाजलेले. सकाळी त्यांनी ताईशी हात मिळवला तो पाल हातात आल्यासारखा. संध्याकाळी त्यांच्यापेक्षा ताईचा एक फटका कमी होता, म्हणजे ती पुढे होती.

आणि त्याच संध्याकाळी घोळ झाला. क्लबच्या व्हरांड्यात मंडळी बसली होती. खाली कठड्याशी बाबा नळी धरून झाडांना पाणी घालत होते आणि मी त्यांना घरची किल्ली द्यायला गेले होते. वरून कुणीतरी मुद्दाम ऐकू येईल असं म्हणालं, "पेपर बापानेच काढलाय, मग पोरगी पास होणार नाही तर काय?" सगळे हसले. मिशीवाले सगळ्यांत मोठ्याने.

बाबा त्या क्लबात आयुष्यभर मान खाली घालून काम करत आलेले. कुणी त्यांना लबाड म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या हातातली नळी एकाच कुंडीवर राहिली आणि पाणी कुंडीतून वाहून त्यांच्या बुटांत गेलं, तरी त्यांना कळलं नाही. जरा वेळाने सेक्रेटरीसाहेब खाली आले, खाकरले, आणि म्हणाले की उद्यापुरतं दुसऱ्या कुणाला सांगू का. बाबा म्हणाले, "खड्डे मीच पाडणार, साहेब. सकाळी येऊन बघा." मी घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण माझ्या पोटात तीळ भिजत नाही.

शुक्रवारी पहिल्याच हिरवळीवरचा झेंडा बघितला आणि मी बॅग खाली टाकली. चेंडू अडकावा म्हणून वाळू भरून ठेवलेल्या मोठ्या खड्ड्याच्या अगदी पाठीला, कडेपासून चार पावलांवर. दुसरा उताराच्या टोकाला. तिसरा असा कोपऱ्यात की जणू रुसून बसलाय. सगळं मैदान तसंच. पुरुषांचा पहिला फटका लांब जायचा, त्यामुळे दुसरा जवळून, उंच मारायचा, आणि उंचावरून आलेला चेंडू पडला की थांबतो. ताईला तोच दुसरा फटका लांबून मारावा लागे. तिचा चेंडू पडला की पळायचा. म्हणजे ते खड्डे सगळ्यांना वाईट होते, पण ताईला सगळ्यांत वाईट, आणि हे बाबांइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं.

"बाबांना वेड लागलंय," मी म्हणाले.

"बॅग उचल," ताई म्हणाली.

दिवसभर पुरुष शिव्या घालत होते. मिशीवाल्यांनी नवव्या हिरवळीवर काठी फेकली, ती त्यांचीच बॅग उचलणाऱ्या माणसाच्या नडगीला लागली. सगळ्यांचेच फटके वाढत होते, त्यामुळे चाळणीचं भोकही मोठं होत होतं. ताई ओढत होती, कसंबसं धरून होती. मी मनातल्या मनात प्रत्येक झेंड्याला बाबांच्या नावाने शिव्या मोजून देत होते. सतराव्यानंतर फळ्यावरचे आकडे बघून मी तिला म्हणाले, "चार. शेवटच्याला चार फटके घेतलेस तर उद्या खेळशील."

चार म्हणजे त्या हिरवळीवर चांगल्या खेळाडूचा हिशेब तेवढाच. पण झेंडा होता पुढच्या उजव्या कोपऱ्यात, एका उंचवट्याच्या खाली, वाळूला चिकटून. ताईचा पहिला फटका बरा गेला. दुसरा होता लांबून. तिने झेंड्याकडे बघितलंच नाही, तिथे तिला थांबताच आलं नसतं. हिरवळीच्या मध्यावर नेम धरला. आणि तो जो फटका बसला ना, तसा मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. चेंडू वर गेला, वरच राहिला, मग हिरवळीच्या बरोबर मधोमध पडला, एक टप्पा खाल्ला आणि जागच्या जागी थांबला. मिशीवालेसुद्धा "वा" म्हणाले. त्यांच्या तोंडून चुकून निघालं असणार.

पण खड्डा तिथे नव्हता. तो होता उंचवट्यापलीकडे, खाली. तिसरा फटका ताईने अलगद मारला, चेंडू उंचवट्यावर गेला, क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि मग उतारावरून जो सुटला तो खड्डा ओलांडून पलीकडे गेला. चौथा खड्ड्याच्या कडेवरून अर्धा फिरून बाहेर आला. पाच.

एका फटक्याने राहिली.

बाबा शेडमध्ये खड्डे पाडायच्या कटरचं पातं धूत होते. ताई आत येऊन पोत्यावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मला राहवलं नाही. "झालं समाधान?" मी म्हणाले. "लोकांची तोंडं बंद झाली एकदाची. तो शेवटचा खड्डा मधे पाडला असता तर काय तुमचे हात झडले असते? दुश्मनही असं करत नाही हो, बाबा."

बाबा म्हणाले, "मधे पाडला असता, तर ती उद्या खेळली असती. आणि जन्मभर लोक म्हणाले असते, बापाने खेळवली."

"म्हणेनात का. लोकांच्या तोंडाला हात लावायला कोण गेलंय? तिला खेळायचं होतं. तिला एवढंच हवं होतं."

बाबांनी पातं पुसलं, पुन्हा पुसलं. ताईची एक नाडी गाठ बसून अडकली होती, ती नखाने सोडवत होती. "मला भूक लागलीय," ती म्हणाली, "घरी जाऊ." घरी आईने बाबांना वाढलं, पण ताटाशी बसली नाही. बाबांनी दोन घास खाल्ले आणि उठले. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता या माणसाशी बोलायचं नाही.

शनिवारी सकाळी बाबा दारात उभे राहिले. "मोठे," ते हळूच म्हणाले, "येतेस का झेंडा धरायला?" आता ती खेळणार नव्हती, तिने बघायला हरकत नव्हती. मला वाटलं ताई कूस बदलून झोपेल. ती उठली आणि चूळ भरून निघाली. मी येणार नव्हते. पण घरात पडून राहणं माझ्याने झालं नाही, म्हणून बादली घेऊन मागे गेले, बोलायचं नाही हे ठरवूनच.

सतरा खड्डे त्यांनी पाडले, सगळे सोपे, माणसाला खेळावंसं वाटेल असे. अठराव्या हिरवळीवर आलो. बाबा कटर हातात धरून उभे राहिले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग खाली बघत म्हणाले, "कुठे पाडू?"

सगळ्या आयुष्यात त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं, सेक्रेटरीसाहेबांनाही नाही. ताई हिरवळीच्या मधोमध चालत गेली. काल तिचा दुसरा फटका जिथे थांबला होता ती जागा तिला शोधावी लागली नाही. तिने तिथे पायाचा अंगठा टेकवला. "इथे," ती म्हणाली.

बाबा गुडघ्यांवर बसले. पहिल्यांदा पातं वाकडं गेलं, बाहेर काढून पुन्हा सरळ घालावं लागलं. मातीचा गोळा निघाला तो त्यांनी जरा वेळ तसाच हातात धरून ठेवला. मग ताईने झेंडा लावला. मी पाणी शिंपडलं, आणि मला पुढचं नीट दिसत नव्हतं.

दुपारी आम्ही दोघी दोरीच्या अलीकडे गवतावर बसलो. जोड्या येत गेल्या, लोक टाळ्या वाजवत होते. प्रत्येकाचा दुसरा फटका हिरवळीवर पडला की ताई हळूच म्हणायची, "लांब आहे." पुढचा आला की, "हाही लांब." मिशीवाल्यांचा चेंडू बराच जवळ आला, लोक उठून उभे राहिले. ताई मान तिरकी करून बघत राहिली. "दोन हात लांब," ती म्हणाली आणि तिनेही टाळ्या वाजवल्या. बाबा मागे कधी येऊन उभे राहिले आम्हाला कळलं नाही. शेवटची जोडी गेली, लोक पांगले, तरी ते तिथेच होते.

"मोठे," ते म्हणाले, "एकाचाही तिथे थांबला नाही गं." आणि मग बाबा रडले, भर मैदानात, शर्टाच्या बाहीने तोंड झाकून.

ताईने त्यांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी गवतावर बसवलं. "माहितीय मला, बाबा," ती म्हणाली, "दुपारपासून तेच तर बघत बसलेय."