मागच्या सीटची दुरुस्ती

क्रूझर मोटरसायकल आल्यापासून हा माणूस कामातून गेला, असं गादीवाल्यांची बायको म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. सोफ्यांच्या नि खुर्च्यांच्या गाद्या भरण्यात ज्यांचं निम्मं आयुष्य गेलं, ज्यांना सगळी गल्ली गादीवाले म्हणूनच ओळखायची, ते पन्नाशी उलटल्यावर एक लांबलचक, बुटकी, जडशीळ गाडी घेऊन आले आणि बघता बघता त्या विषयातले पंडित झाले. खुर्ची दुरुस्तीला टाकायला आलेल्या गिऱ्हाइकाचीही सुटका नव्हती.

"उतारावर ही गाडी भिंतीकडे तोंड करून कधी लावू नये," दातांत टाचणी धरून ते सांगायचे. "हिला मागे जायचा गिअर नसतो. आत जाताना ऐटीत जाते, बाहेर काढताना घाम फोडते. मऊ मातीत स्टँड लावायचा तर खाली चपटा दगड ठेवायचा. आणि वळताना चाकाकडे बघायचं नाही, जायचंय तिकडे बघायचं. नजर जिकडे, गाडी तिकडे."

गिऱ्हाईक म्हणायचं, "बरं, खुर्ची कधी मिळेल?"

सल्ला मात्र एकूण एक खरा होता, कारण प्रत्येक चूक त्यांनी आधी स्वतः करून पाहिली होती. भिंतीला तोंड लावून उभी केलेली गाडी उलटी ओढायला अर्धी गल्ली गोळा झाली होती. हा भाग ते गिऱ्हाइकांना सांगत नसत, एवढंच.

गाडी घेताना मात्र त्यांनी एक गोष्ट सगळ्यांच्या उलटी केली होती. इंजिन नंतर पाहिलं, मागची सीट आधी पाहिली. बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. "श्वास रोखा, हलू नका," असं दिवसभर लोकांना सांगून आणि दिवसभर उभी राहून संध्याकाळी पाय चोळत बसायची. सुट्टीच्या दिवशी तिला मागे बसवायचं, शहराबाहेरच्या तळ्याच्या रस्त्याला लागायचं आणि दुपारपर्यंत घरी फिरकायचं नाही, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

सुरुवातीला ती जायचीही. मोकळा रस्ता लागला, गाडीने सूर धरला, की मागून पाठीवर थाप पडायची. गादीवाल्यांची छाती फुगायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोने पाठ थोपटावी, याहून माणसाला आणखी काय हवं? मग ते खुशीत गाडीचा कान आणखी थोडा पिळून वेग वाढवायचे.

आणि एका सुट्टीला तिने चहाचा कप विसळता विसळता सांगून टाकलं, "तुम्ही जाऊन या. माझी कंबर ऐकत नाही आता."

गादीवाल्यांना वाईट वाटलं, पण धीर सुटला नाही. कंबरेचा प्रश्न म्हणजे गादीचा प्रश्न, आणि गादीच्या प्रश्नावर त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती! त्यांनी मागची सीट उसवली. मऊ गादी तासाभरात खाली बसते आणि हाडाला पत्रा लागतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून खाली घट्ट थर, वर मऊ थर, मध्ये खोलगट भाग, असं साग्रसंगीत काम केलं. बायकोने अंगठ्याने दाबून पाहिलं, "छान झालीय," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. त्यांनी पुन्हा उसवली, रुंद केली, मागे टेकायला पाठ बसवली. ती "अरे वा," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

तिचा धाकटा भाऊ बेकरीची गाडी चालवायचा. दुकानादुकानांत पाव पोचवून झाले की मेहुणेबुवा गादीवाल्यांच्या दुकानात येऊन टेकायचे. एकदा क्रूझरला प्रदक्षिणा घालून मेहुणा म्हणाला, "भावोजी, ताई काही बसत नाही आता. दोन बोल्ट तर आहेत. मागची सीट काढूनच टाका की! एकट्याची क्रूझर काय रुबाबदार दिसते!"

हे गादीवाल्यांच्या जिव्हारी लागलं. एकट्याने जायचं असतं तर सायकल होतीच की. रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. सकाळी त्यांनी ठरवलं, की सीट अजून एकदा, शेवटची करायची. तरी ती बसली नाही तर बोल्ट काढायचे आणि तो विषय बंद. पाना त्यांनी समोरच्या फळीवर आणून ठेवला.

या वेळी सीट अशी काही उतरली, की ती गाडीला लावल्यावर ते दोन पावलं मागे सरून बघतच राहिले. पण नुसती हाताने दाबून गादी कळत नाही, कोणीतरी बसायला हवं. बायको दवाखान्यात होती. मेहुणा म्हणाला, "मी चालवतो, तुम्ही बसा मागे."

आपल्या गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना गादीवाल्यांचा चेहरा मुलगी सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला. पण दिली.

आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही गाडी घेतल्यापासून आपण तिच्यावर मागे कधी बसलोच नाही.

सीट उत्तम होती, त्याबद्दल प्रश्नच नव्हता. पण समोर रस्त्याऐवजी मेहुण्याचं हेल्मेट होतं. गुडघे वर आले होते, पोटरीला सायलेन्सरची धग लागत होती. प्रत्येक गिअरला त्यांचं हेल्मेट मेहुण्याच्या हेल्मेटवर टक्क करून आपटायचं. पुढच्याला ब्रेक दाबायचा आहे हे पुढच्याला आधी कळतं, मागच्याला नाक आपटल्यावर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आणि स्वतः एवढी साधी गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

मोकळा रस्ता लागला आणि मेहुण्याने गाडी सुसाट सोडली. "हळू! अरे, हळू!" गादीवाले ओरडले, पण शब्द वाऱ्याने मागच्या मागे नेले. शेवटी त्यांनी मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली.

गाडी आणखी पळाली.

त्यांनी जोरात मारली. गाडी आणखी जोरात. तेव्हा त्यांनी लाजलज्जा सोडून मेहुण्याला मिठी मारली आणि पोटाला कचकचीत चिमटा काढला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली.

"काय झालं, भावोजी?"

"काय झालं म्हणजे? एवढ्या थापा मारतोय, कळत नाही तुला?"

"कळल्या की! म्हटलं, भावोजी खुशीत आलेत. म्हणून तर पळवली."

गादीवाले उतरले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते काही उगाच नाही. मेहुण्याला वाटलं, यांना गाडी लागली.

संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली, तेव्हा ते दारातच उभे होते.

"अगं, तू गाडीवर माझ्या पाठीवर थापा मारायचीस. त्या कशासाठी?"

ती चप्पल काढता काढता थांबली. "हळू चालवा म्हणून."

"आणि मला वाटायचं, शाबासकी देतेस! मग बोलायचं नाहीस का?"

"बोलले. ओरडलेसुद्धा. वाऱ्यात ऐकू कुठे येतं तुम्हाला? आणि पोचल्यावर हेल्मेट काढून तुम्ही असे हसायचात, जसं जत्रेतून आलेलं पोर. मग काही म्हणवायचं नाही. शेवटी कंबरेवर ढकलून दिलं."

"म्हणजे कंबर?"

"ठणठणीत आहे."

"अगं, तीन वेळा सीट केली मी!"

"सुंदर झालीय हो," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. मग त्यांनाही आवरेना. एवढ्या दिवसांचं मनावरचं ओझं त्या हसण्यात उतरलं.

जेवताना ठरलं: एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. ऐकलं नाही तर मी रिक्षाने परत, हे कलम तिने आपल्या बाजूने घातलं.

सुट्टीच्या सकाळी त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून गाडी सरळ धरली आणि ती बसेपर्यंत हलले नाहीत. गिअर असे टाकले, की हेल्मेट एकदाही आपटलं नाही. चौक ओलांडल्यावर एक थाप पडली. त्यांनी लगेच वेग उतरवला. पुढे दोन पडल्या. आरसा बघून, दिवा दाखवून त्यांनी गाडी कडेला घेतली आणि घाबरून विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही. थांबता का ते पाहिलं. चला."

तळ्याचा रस्ता लागला. ऊन कोवळं होतं, इंजिन संथ धडधडत होतं, आणि नव्या सीटवर ती ऐसपैस टेकून बसली होती. तेवढ्यात पाठीवर थापा पडल्या. एक, दोन, तीन.

गादीवाले गोंधळले. त्यांनी वेग अगदी कमी केला आणि मान जराशी वळवून ओरडले, "अगं, तीनचं काही ठरलं नव्हतं!"

ती पुढे झुकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "तुम्हाला आधी जे वाटायचं ना, ते."

गादीवाल्यांची छाती फुगली. पण गाडीचा कान काही त्यांनी पिळला नाही.