आरशाच्या दाराची मोटारसायकल

वहिनींचा नवरा गेल्यानंतर त्याची मोटारसायकल दीड वर्ष मागच्या पडवीत उभी होती. फ्रिजही तिथेच. हँडल आडवं येऊन फ्रिजचं दार पूर्ण उघडत नसे, त्यामुळे दूध काढायला वहिनींना रोज तिरकं व्हावं लागे. पण गाडी विकायचं नाव कोणी काढलं, की त्यांना लगेच ऐकू येईनासं व्हायचं.

वन्सं, म्हणजे त्यांची नणंद, त्यांच्याकडेच राहायच्या. चष्म्याच्या दुकानात त्यांनी तीस वर्षं काचा घासल्या होत्या. निवृत्त झाल्यावर पहिल्याच सोमवारी त्या म्हणाल्या, "वहिनी, दादाची गाडी मी उभी करते."

"उभीच तर आहे," वहिनी म्हणाल्या.

"चालती करते. आणि माझ्या मापाची करते."

वन्सं ठेंगण्या होत्या. त्यांनी भंगारातून न्हाव्याच्या खुर्चीची बैठक आणून खाली बसवली. दिवा दाताच्या दवाखान्यातला लावला. मागचं मडगार्ड मोठ्या पातेल्याच्या झाकणातून कापलं. कार्ब्युरेटर तर काचा पुसायच्या कापडानं असा पुसला, की त्यातून वाचता आलं असतं. राहिला हॉर्न. भंगारवाल्यानं ढिगातून एक भोंगा ओढून काढला.

"घेऊन जा ताई. बारा वर्षं पडलाय. आवाजाला घाबरून कोणी नेत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला वन्संनी तो बॅटरीला जोडून दाबला. वहिनींच्या हातून कप बशीसकट निसटला. समोरच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली गेलं ते दुपारीच बाहेर आलं.

दहा मिनिटांत फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ आले. इस्त्रीचा खाकी शर्ट, हातात जेवणाचा डबा. त्यांच्यामागे दुसरे. आठ वाजेपर्यंत अकरा जण रांगेत उभे.

"कोण हवंय?" वन्संनी विचारलं.

"भोंगा झाला," पहिले म्हणाले. "हजेरी कुठे लावायची?"

तो भोंगा लोखंडी कपाटांच्या कारखान्याचा होता. कारखाना बारा वर्षांपूर्वीच बंद पडला होता.

"आम्हाला वेड लागलेलं नाही," पहिले म्हणाले. ते मुकादम होते. "कारखाना बंद आहे हे पक्कं ठाऊक आहे. पण भोंगा ऐकला आणि पाय निघाले. आता आलोच आहोत, तर काम सांगा."

दाराशी आलेल्या माणसाला परत पाठवणं वहिनींना जन्मात जमलं नव्हतं. "या, या," त्या म्हणाल्या. "थोडं काम आहेच."

"वहिनी! गाडी मी करतेय ना?" वन्सं कुजबुजल्या.

"अहो, पण डबे घेऊन आलेत."

त्यांच्यात वेल्डर होते, पत्रा वाकवणारे होते, कुलूपवाले होते, रंगारी होते. स्टोअरकीपरनी आल्याआल्या सगळे पाने ताब्यात घेतले. त्यानंतर स्वतःचाच दहा नंबरचा पाना मिळवायला वन्संना चिठ्ठी लिहून द्यावी लागली, आणि पहिली चिठ्ठी तारीख नाही म्हणून परत आली. संध्याकाळी पाच वाजले तरी कोणी हलेना. शेवटी वन्संच्या लक्षात आलं. त्यांनी भोंगा दाबला, तेव्हा मंडळी हात धुऊन घरी गेली.

चौथ्या दिवशी वन्सं चेन आणायला गेल्या. परत येऊन बघतात तर बैठकीच्या मागे दोन्ही बाजूंनी खांद्याएवढा पत्रा.

"हे काय?"

"साइड कव्हर," मुकादम म्हणाले.

"एवढं उंच?"

आठव्या दिवशी त्यात कप्पे आले. मग मुकादमांनी मान खाली घातली. "काय सांगू ताई, चाळीस वर्षं हातांना एकच वळण. पत्रा हातात घेतला, की कपाटच होतं."

वन्सं त्यांना घालवूनच देणार होत्या. पण त्याच सकाळी रंगाऱ्यांची सून आली. भांडायला आली असेल म्हणून वन्सं पदर खोचून तयार राहिल्या. सून म्हणाली, "बाबा घरी बसून दिवसभर भिंतींवर टकटक करायचे. आता जेवतात, झोपतात. तुम्ही रविवारीही वाजवाल का?"

दुपारी वन्सं न्हाव्याच्या बैठकीवर बसून राहिल्या. वहिनी जवळ आल्या.

"चिडलात?"

"दादाची गाडी होती गं. आता हिच्यात दादा कुठे दिसतच नाही."

वहिनींनी वरचा कप्पा उघडून दाखवला. आत दादाचा रेनकोट घडी करून ठेवलेला. शेजारी त्याचे हातमोजे. "हे कुठे ठेवायचं, ते दीड वर्ष मला सुचत नव्हतं," त्या म्हणाल्या.

वन्संनी रेनकोटावरून हात फिरवला. कप्पा लावून म्हणाल्या, "मग लॉकरपण करायला सांग."

एकविसाव्या दिवशी गाडी तयार झाली. तीन कप्पे, लॉकर, एका बाजूला आरशाचं दार. पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं आणि अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मुकादमांनी शेजाऱ्यांची बंद स्कूटर कामाला घेतली. शेजाऱ्यांना कपड्यांना जागा हवीच होती.

वन्सं गाडी पास करायला वाहन तपासणीच्या कचेरीत घेऊन गेल्या. साहेबांनी तीन फेऱ्या मारल्या, दार उघडलं, लॉकर उघडला, आरशात बघून भांग नीट केला.

"बाई, हे कपाट आहे."

"चालतं, साहेब."

"चालू दे. माझ्याकडे कपाटाचा फॉर्म नाही." त्यांनी कागदावर लिहिलं, 'तपासले. फर्निचर. नोंदणीची गरज नाही,' आणि शिक्का मारला.

"पण मग रस्त्यावर कशी नेऊ?"

साहेबांनी विचार केला. "फर्निचर हलवायला बंदी नाही."

त्या दिवसापासून न्हाव्याच्या बैठकीवर दाटीनं बसून दोघी रोज कपाट हलवायला निघू लागल्या. चौकात हवालदारानं अडवलं.

"कुठे निघालात?"

"कपाट हलवतोय," वन्सं म्हणाल्या आणि कागद दाखवला.

"ठेवणार कुठे?"

"तेच बघतोय."

दुसऱ्या दिवशी हवालदारानं लांबूनच विचारलं, "मिळाली का जागा?" तिसऱ्या दिवशी त्यानं त्यांच्यासाठी बाकीची वाहनं थांबवली. महिन्याभरात त्याचा जीव इतका तुटायला लागला, की तो म्हणाला, "आमच्याकडे झोपायच्या खोलीत एक भिंत मोकळी आहे. बायको म्हणाली, लावून तर बघा."

नाही कसं म्हणणार? दोघी गेल्या. पायरीवर फळी टाकून वन्संनी गाडी आत घेतली आणि भिंतीला लावली. हवालदाराच्या बायकोनं चहा दिला, मग टेप काढून माप घेतलं, पुन्हा घेतलं.

"चार बोटं जास्त होतंय हो," ती हळहळली. "खिडकी उघडणार नाही."

"राहू दे," वहिनींनी तिची समजूत घातली. "तुमच्या तरी काय हातात आहे?"

हवालदार चपला न घालताच रस्त्यापर्यंत पोचवायला आला. "खचू नका," तो म्हणाला. "मिळेल कुठेतरी."

कोपऱ्यावर वन्संना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी त्यांनी गाडी थांबवली.

"सरका मागे," वहिनी म्हणाल्या. "आता मी हलवते."

"तुला येते?"

"त्यांनीच शिकवली होती. तुम्ही कधी विचारलंत?"

वहिनींनी गियर टाकला. घराचं वळण आलं तेव्हा त्या वळल्याच नाहीत, सरळ पुढे गेल्या.