नाताळच्या ताटातलं यॉर्कशायर

माझ्या सासरी नाताळच्या जेवणात यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे पीठ-अंड्याच्या भाजून फुगवलेल्या खाऱ्या वाट्या, वाढत नाहीत, हे मला लग्नाआधीच आणि भर टेबलावर कळलं. रसेलशी नुकतं जमलं होतं, आणि त्यानं मला पहिल्यांदा यॉर्कशायरमधल्या कीथलीला घरी नेलं तेही नाताळच्याच दिवशी. ताटात टर्की आली, भाजलेले बटाटे आले, पार्सनिपचे गोडसर कंद आले. मी आपलं सहज विचारलं, "यॉर्कशायर मागून येणार आहेत का?" आमच्याकडे दक्षिणेत, केंटमध्ये, आई दुकानातून गोठवलेली आणते, गरम करते आणि टर्कीच्या शेजारी ठेवून देते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

इथं मात्र मी चर्चमध्ये शीळ घातल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

रसेलच्या आईनं, नॉर्मानं, सुरी खाली ठेवली. "यॉर्कशायर रविवारी, पोरी. बीफ असेल तेव्हा. तेही सगळ्यात आधी, नुसतं, कांद्याच्या ग्रेव्हीत. टर्कीशेजारी ठेवून त्याचा चिखल करायचा ही तुमच्याकडची तऱ्हा. आमच्याकडे नाही."

तेव्हापासून दर नाताळला हा किस्सा टर्कीच्या आधी वाढला जायचा. रसेलची बहीण मेलानी माझ्या उच्चारांची नक्कल करून तो सांगायची. कुणी नवा पाहुणा असला तर दोनदा. मी हसायची. त्या घरात थट्टा कोणती आणि खरं कोणतं हे मला कधीच नीट कळलं नाही, कारण दोन्ही एकाच चेहऱ्यानं बोललं जातं. म्हणून मी सरसकट हसायचं ठरवलं होतं.

मग हेटी झाली, आणि सरसकट हसणं जमेना.

जानेवारीत माझी रजा संपणार होती. मी शाळेत भूगोल शिकवते. हेटीला दिवसभर नॉर्मा सांभाळणार, हे रसेलनं ती जन्मायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. "आईनं आम्हा दोघांना वाढवलं. तुझी एक तिला जड होईल होय?" मी काही बोलले की सासरे, क्लिफ, म्हणायचे, "आल्या इन्स्पेक्टर बाई." मी द्राक्षाचे चार तुकडे करते, झोपलेल्या मुलीच्या नाकाखाली बोट धरून बघते, ओव्हनच्या दारापाशी खुर्ची टाकून बसते. हे सगळं खरं आहे. त्यामुळे माझी कुठलीही काळजी त्याच खात्यात जमा व्हायची.

शरदात एका दुपारी मी सवय व्हावी म्हणून हेटीला नॉर्माकडे ठेवून दात दाखवायला गेले. परत आले तर बाबागाडी मागच्या अंगणात, वरून बारीक भुरभुर, आणि हेटी आत गाढ झोपलेली. नॉर्मा स्वयंपाकघरात चहा ओतत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? आणि बाळ कुठंय?"

मी रसेलला सांगितलं. तो सोफ्यावर लोळून हसला. "आईची थट्टा तुला कधी कळली आहे, इमोजेन? आणि आम्ही दोघं अंगणातच झोपून मोठे झालो. हवा लागते."

असेल थट्टा, असं मी स्वतःला समजावलं. 

त्या नाताळला बुधवार होता. आम्ही दारात पाऊल टाकलं आणि मला पहिल्यांदा वास जाणवला. टर्कीचा वास असा नसतो. हा चरबीचा वास होता, टिनात धूर निघेपर्यंत तापवलेल्या बीफच्या चरबीचा, त्या घरातल्या रविवारचा.

नॉर्मा फार खुशीत होती. गालाला पीठ लागलेलं. "बसा, बसा. चरबी तापली आहे. यॉर्कशायर कुणासाठी थांबत नाही."

रसेल आणि मेलानीनं एकमेकांकडे पाहिलं. आम्ही बसलो. मेलानीनं नाताळचे क्रॅकर आणले होते, दोघांनी दोन टोकं धरून ओढायच्या कागदी नळ्या. ते ओढले, आतले कागदी मुकुट सगळ्यांनी घातले. हेटीनं हात पुढे केला म्हणून नॉर्मानं खाली वाकून तिच्या हातून एक हिरवा मुकुट आपल्या डोक्यावर चढवून घेतला. मग ती आत गेली आणि टिन घेऊन आली. पुडिंग वाटीएवढी फुगलेली, कडा करकरीत, मध्ये खळगा.

रसेलनं टेबलावर मूठ आपटली. "विश्वास बसत नाही. आई, नाताळला?"

"चाळीस वर्षं मी मागतेय," मेलानी म्हणाली. "ताप आला होता तेव्हासुद्धा मागितलं. तेव्हा मला काय म्हणालीस? लंडनला जाऊन राहा, म्हणालीस. आणि आता हिच्यासाठी केलंस ना?" तिनं काटा माझ्याकडे रोखला.

"जिंकलीस तू," रसेल माझ्या कानात म्हणाला. "बाळ दे, मग यॉर्कशायर मिळतं. आधी सांगायला हवं होतं कुणीतरी."

सगळे हसले. नॉर्माही हसली, पण सगळ्यांच्या नंतर. आधी तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, काय झालंय ते कुठं लिहिलेलं सापडतंय का बघावं तसं, आणि मग हसली. क्लिफ मान वर न करता खात होते.

"पण हे बरोबर आहे का, ते बोला," रसेल म्हणाला. त्याला वाद घालायचाच होता. "आता यावर टर्की येणार. मग ग्रेव्ही कुठली? कांद्याची की टर्कीची?"

"आधी खाऊन संपवलं तर टर्कीशी संबंधच येत नाही," मेलानी म्हणाली. "म्हणजे नियम अर्धाच मोडला."

"नियम अर्धा मोडत नसतो. आजीनं तुला घराबाहेर काढलं असतं."

"आजीनं इमोजेनला आतच घेतलं नसतं."

मी हसले. हेटीचं दही आणायला उठले. फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून मी ते आल्या आल्या क्लिफना दिलं होतं आणि त्यांनी तळघराच्या जिन्यावरच्या थंड फडताळात ठेवलं होतं. मी फडताळ उघडलं. दह्याच्या डब्यामागे टर्की होती, खाटकाच्या कागदात, तंगड्या सुतळीनं बांधलेल्या. कच्ची, गार.

मी स्वयंपाकघरात परत येऊन ओव्हनच्या काचेतून पाहिलं. आत बीफ भाजत होतं.

मागे पावलं वाजली. क्लिफ रिकाम्या बशा घेऊन आले होते. त्या माणसानं त्या घरात कधी बशी उचललेली मी पाहिली नव्हती.

"काही बोलू नकोस, पोरी," ते म्हणाले.

"कधीपासून आहे हे?"

"विसरते जरा. कोण विसरत नाही?"

"क्लिफ, टर्की कच्ची आहे. आज कुठला दिवस आहे ते त्यांना माहीत नाही."

त्यांनी बशा सिंकमध्ये ठेवल्या, आवाज होणार नाही अशा. "सकाळी मी जिन्यात होतो तेव्हाच बीफचा वास आला. काय सांगायला हवं होतं? अंडी फेटत होती आणि गात होती. किती दिवसांनी गात होती."

"आणि हेटी?"

"हेटी आली की ती ठीक असते. हेटी हवी आहे तिला. आणि मी असतोच की घरात."

"तुम्ही सकाळभर तुमच्या पाळलेल्या कबुतरांपाशी असता."

डोक्यावरचा पिवळा मुकुट कपाळावर घसरला होता, तो त्यांनी वर सरकवला. "रसेलला नाही सांगायचं. आजचा दिवस तरी."

आजचा दिवस म्हणजे काय, ते मला कळलं. आज नाताळ म्हणून नाही, उद्या सगळे दमलेले म्हणून नाही, परवा अजून काही. आणि मग जानेवारी. मी दह्याचा डबा घेऊन बाहेर आले.

बीफ टेबलावर आलं तेव्हा मेलानी म्हणाली, "हे काय? टर्की कुठंय?"

"मीच म्हटलं, यंदा बीफ कर," क्लिफ म्हणाले. "टर्कीचा कंटाळा आला."

"हात्तिच्या," रसेल म्हणाला. "मग आईनं नियम मोडलाच नाही. बीफ आहे तर यॉर्कशायर हवंच. उगाच डोकं शिणवलं."

पुन्हा सगळे हसले. प्रश्न सुटला होता. सगळं इतकं नीट जुळलं होतं की मलासुद्धा क्षणभर वाटलं, सोडून द्यावं.

मग रसेलनं हेटीला उंच खुर्चीतून काढलं आणि नॉर्माच्या मांडीवर दिलं. "आई, जानेवारीपासून ही रोज इथंच. पहिल्या दिवसापासून हिला यॉर्कशायर करायला शिकव. हिच्या आईसारखी नको व्हायला."

"शिकवीन की," नॉर्मा म्हणाली आणि हेटीच्या डोक्याचा वास घेतला. "चरबीतनं धूर निघाला पाहिजे, काय ग बाळा? त्याशिवाय पीठ ओतायचं नाही."

हेटी तिच्या मुकुटाला धरून हसत होती. मला तो धूर दिसला, तो टिन दिसला, आणि त्या स्वयंपाकघरात दुसरं कुणीच दिसलं नाही.

"नॉर्मा," मी म्हटलं. आवाज मऊच ठेवला होता. "आज नाताळ. मग टर्की का नाही केलीत?"

क्लिफनी डोळे मिटले.

"नाताळ?" नॉर्माचा हात डोक्याकडे गेला. तिनं मुकुट काढला आणि बघितला. "नाताळ लांब आहे अजून, पोरी. आज रविवार."

"चेष्टा करतेय," रसेल म्हणाला. "आई, चेष्टा करतेस ना?"

नॉर्मानं कोपऱ्यातल्या झाडाकडे पाहिलं. टेबलावर पडलेल्या क्रॅकरच्या कागदांकडे पाहिलं. मग आमच्याकडे. ती काहीतरी भराभर जुळवत होती आणि ते जुळलं तेव्हा तिचा चेहरा लहान झाला.

"हो," ती म्हणाली. "चेष्टाच."

तेव्हा रसेलला कळलं. त्याच्या आईनं उभ्या आयुष्यात कधी चेष्टा केल्याचं कबूल केलं नव्हतं.

मी उठून हेटीला तिच्या मांडीवरून घेतलं. नॉर्मानं लगेच सोडलं नाही. मला थोडं ओढावं लागलं. ते सगळ्यांनी पाहिलं.

"झालं समाधान?" मेलानी म्हणाली. "एका यॉर्कशायरचा राग इतकी वर्षं धरून ठेवलास?"

"मेलानी, टर्की फडताळात आहे. कच्ची."

"असू दे. तुला काय, मुलगी काढून घ्यायला निमित्त हवं होतं."

बीफ कुणीच संपवलं नाही. निघताना नॉर्मानं उरलेली पुडिंग चंदेरी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "उद्या जॅम लावून खा," ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, "तिथं विचारायला नको होतंस, बाई. मी सांगितलं असतं तुला."

सांगितलं असतं का? मला माहीत नाही. तिलाही माहीत नसावं.

माळावरच्या रस्त्यानं गाडी जात होती. पुडी माझ्या मांडीवर अजून कोमट होती.

"मला एकट्याला सांगता आलं असतं," रसेल म्हणाला.

"सांगितलं होतं. तू म्हणालास, थट्टा."

"सगळ्यांसमोर, इमोजेन. डोक्यावर मुकुट घालून बसली होती ती."

"हेटी तिच्या मांडीवर होती."

त्यानं वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

हेटी आता पाळणाघरात जाते. तिथल्या बायका चांगल्या आहेत, दाराला कडी आहे, मी दिवसातून एकदा फोन करते. डॉक्टरांनी नॉर्माच्या आजाराला नाव दिलं. त्यानं कुणाला हायसं वाटलं नाही, मलाही नाही. मला कुणी म्हणालं नाही की तू बरोबर होतीस. बरोबर असणं त्या घरात मोजलं जात नाही. कसं बोललीस ते मोजतात, आणि ते अजून चालू आहे.

यंदाचा नाताळ मेलानीकडे झाला. तिनं टर्की केली आणि यॉर्कशायरही केली. "आईला आवडतात, आता कसला नियम," म्हणाली. दोन्ही एकाच ताटात वाढलं. क्लिफनी नॉर्मासमोर ताट ठेवलं आणि टर्कीचे बारीक तुकडे करून दिले, मी हेटीला करून देते तसे. नॉर्मा सकाळपासून एकदाच बोलली होती. रसेलला ती दारात "कोण तुम्ही" म्हणाली होती.

तिनं ताटाकडे पाहिलं. काट्यानं पुडिंग उचलून त्याची खालची बाजू पाहिली. मऊ पडली होती.

"टर्कीबरोबर यॉर्कशायर," ती म्हणाली. आवाज अगदी जुना, खणखणीत. "ही कुणाची अक्कल?"

मेलानीनं मान वर केली नाही. "इमोजेनची," ती म्हणाली.

मी त्या घरात साधा बटाटाही सोलला नव्हता. मी रसेलकडे पाहिलं. तो ग्रेव्ही ओतत होता, सावकाश, कडेपर्यंत.

नॉर्मानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठली ही?"

"केंटची, आई," मेलानी म्हणाली.

"वाटलंच."

सगळे हसले. खरंच हसले, वर्षभरात हसले नव्हते तसे. क्लिफनी रुमालानं डोळे टिपले. रसेलचे खांदे हलत होते. सगळे हसतायत म्हणून हेटीही हसली आणि चमचा आपटायला लागली. नॉर्मा आनंदानं एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

मी हेटीच्या ताटातल्या यॉर्कशायरचे तुकडे केले, एकेकावर फुंकर घातली आणि तिला भरवायला लागले.