कामटीचा तोल

निवृत्ती पेंटरला सत्कारांचा शीण आला होता, आणि वर्षभरातला हा तिसरा. चिखलीत त्याचा हात लागला नाही असं काम नव्हतं. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, नाटकांचे पडदे, गणपतीची मखरं, झालंच तर ट्रॅक्टरमागचे मोर. फ्लेक्स आले तेव्हा बाकीचे पेंटर ब्रश ठेवून मोकळे झाले. हा पठ्ठ्या पन्नाशीत कॉम्प्युटर शिकला. पण नाव झालं ते पतंगांनी. निवृत्तीचा पतंग सुटला की सरळ आभाळात, डावीकडे झुकायचा नाही की उजवीकडे.

आता यातली गोम अशी, की चित्र त्याचं आणि उडणं बायकोचं. पतंगाची आडवी बांबूची कामटी मनकर्णाबाई तासायची. काचेच्या तुकड्यानं तासायची, मधोमध बोटावर तोलायची, जी बाजू खाली जाईल ती पुन्हा हलकेच खरवडायची. निवृत्तीला हे कधी जमलं नाही, उतावळा माणूस. पतंगावर शिक्का मात्र 'निवृत्ती आर्ट, चिखली'. तिनं कधी तोंड उघडलं नाही, आणि यानंही, खरं सांगायचं तर, सोयीस्करपणे विषय काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात लकव्यानं गेला. तेव्हापासून निवृत्ती भिंतीवर टांगायचे पतंग करू लागला. लोक म्हणाले, वा, काय नवी शैली! त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तो हात जोडायचा.

संक्रांतीला दोन दिवस असताना गजेंद्र सर आले. शाळेच्या मैदानावर पतंग महोत्सव भरवायचे ते हेच.

"काका, सत्कार झाला की पहिला पतंग तुमीच उडवाचा. तुमच्या हातचा."

"भिंतीवरचा चालन नाही का?"

"भिंतीवरचा कसा उडन, काका?" सर हसत निघून गेले.

निवृत्तीनं तीन कामट्या वाया घालवल्या. मनकर्णाबाई खाटेवरून पाहत होती.

"डावीकून जड हाय."

त्यानं डावी बाजू तासली, तर उजवी खाली गेली.

"तूच सांग न किती तासू."

"डोयानं नाही समजत ते. बोटाले समजते," ती म्हणाली आणि कूस वळवून पडली.

चौथी कामटी त्यानं तशीच लावून टाकली. थकला होता बिचारा.

मैदानावर शाल झाली, नारळ झाला. पतंग दोन पुरुष वर गेला, गरगर फिरला आणि मंडपावर येऊन आदळला. गजेंद्र सर लगेच माइकवर म्हणाले, "हवा फिरली, मंडळी, हवा!" लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी निवृत्तीचं डोकं उठलं. त्यानं माइक ओढून घेतला.

"हवेले काऊन बोल लावता? कामटी मी तासली म्हनून पडला. इतकी वर्सं माह्या घरची तासत होती. मनकर्णा नाव तिचं. तुमी उडवले ते तिचे पतंग होते."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, की उद्या शाळेची मुलं काकूंकडे कामटी तासायला शिकायला येतील. निवृत्ती घरी निघाला तेव्हा त्याला फार दिवसांनी हलकं वाटत होतं.

शेजारची पूनम त्याच्या आधी घरी पोचून सगळं सांगून गेली होती. मनकर्णाबाई खाटेवर बसली होती. निवृत्तीनं शाल तिच्या खांद्यावर टाकली. तिनं डाव्या हातानं ती काढून बाजूला ठेवली.

"काऊन सांगतलं तुमी?"

"खरं होतं ते सांगतलं."

"उद्या पोरं येतीन. काय दाखवू त्याहिले?" तिनं उजवा हात डाव्यानं उचलून त्याच्यापुढे धरला आणि सोडला. तो मांडीवर पडला. "तीस वर्सं चालत होता हा. तवा काऊन नाही सांगतलं?"