एकच आवाज

"कोण बोललं?"

गोविंदाने हात वर केला आणि दोर धरलेली सगळी माणसं मुकी झाली. खरं तर कोणी बोललं नव्हतं, कोणाला तरी खोकला आला होता. पण गोविंदा मुकादमाच्या टोळीत खोकायचीही चोरी होती. विठ्ठलवाडीच्या नव्या गिरणीचा ट्रान्सफॉर्मर फळ्यांच्या चढावर लोखंडी पाइपांवरून सरकवत चौथऱ्यावर चढवायचा होता. "हो" म्हटलं की ओढायचं, "बस" म्हटलं की दोर खुंट्याला आवळायचा, आणि हे दोन्ही शब्द फक्त गोविंदाने म्हणायचे. पूर्वी टेंभी नाक्यापाशी एका कामावर दोघे एकदम ओरडले, अर्ध्यांनी ओढलं, अर्ध्यांनी सोडलं आणि त्याचा जोडीदार पंढरी चिरडला. तेव्हापासून हा नियम. नियम चांगला होता, हेच तर वाईट.

धूड मागे घसरू नये म्हणून पाइपाखाली अडकवायची लाकडी पाचर घेऊन मागे नाथा असायचा. गोविंदाची बायको शालू, तिचा हा धाकटा भाऊ. गेल्या थंडीत ठाकुर्लीला एक मोटर हलवताना दोर तुटायला आलेला पाहून तो ओरडला होता. ओरडला ते बरोबरच होतं. तरी गोविंदाने त्याला चारचौघांत टोळीतून काढलं, मेव्हणा म्हणून जरा जास्तच फैलावर घेतलं आणि महिनाभर घरी बसवलं. शेवटी शालू नवऱ्याच्या पाया पडली, तेव्हा कुठे नाथा परत कामाला लागला.

निम्मा चढ झाला आणि गिरणीचे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. त्यांना फोटो काढायचा होता. गोविंदाने "बस" म्हटलं, मुंडासं सारखं केलं आणि ट्रान्सफॉर्मरपुढे उभा राहिला. मागे तेलकट फळीवरून नाथाची पाचर निसटली. धूड वीतभर मागे सरकून दोरांवर अडलं आणि शेवटचा पाइप नाथाच्या पावलावर चढून तिथेच थांबला. पुढच्यांना वाटलं, दोर ताण घेतोय.

एक "हो" पुरला असता, धूड पुढे सरकून पाऊल सुटलं असतं. नाथाने पंचाचा बोळा तोंडात कोंबला आणि त्या आवाजाची वाट बघत राहिला. पुढे साहेब पाहुण्यांना सांगत होते, माणसं बघा, एवढं ओझं आणि हूं की चूं नाही. एका पाहुण्याला आणखी एक फोटो हवा होता. गोविंदा पुन्हा छाती काढून उभा राहिला.

फोटो झाल्यावर पाचर बघायला तो मागे गेला. त्यानंतर त्याच्या तोंडून जो "हो" निघाला, तसा टोळीने कधी ऐकला नव्हता. पण ओढलं सगळ्यांनी.

"अरे, वरडायचं ना रे," नाथाला उचलताना तो म्हणाला.

"दाजी, तुमी पुना घरी बसवलं असतंत."

कल्याणच्या डॉक्टरांनी पाऊल काढलं. गिरणी सुरू झाली त्या दिवशी साहेबांनी शिस्तीबद्दल गोविंदाला नारळ आणि उपरणं दिलं. त्याने ते घेतलं. न घेऊन करणार काय? पुढच्याच आठवड्यात त्याने टोळी सोडली.

नाथा आता त्यांच्याकडेच असतो, ओटीवर भिंतीला टेकून. शालू कामाला गेली की घरात दोघेच. काही लागलं तर हाक मार, असं गोविंदा त्याला सांगून थकला. नाथा मान डोलावतो आणि तहान लागली की रिकामा तांब्या पुढ्यात ठेवून गप्प बसून राहतो. म्हणून गोविंदा हातातलं काम टाकून सारखा ओटीवर येऊन बघून जातो.